टीव्हीच्या काचेआड दडलेली 'स्मेक्टिक' अवस्था काय आहे? डिस्प्ले कारखान्यांच्या घोषणांशी तिचा काय संबंध?

सप्टेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्राचं सोशल मीडिया एकाच विषयावर पेटलं होतं. वेदांता-फॉक्सकॉनचा प्रकल्प तळेगावला येता येता गुजरातला कसा गेला? कुणी आधीच्या सरकारला दोष दिला, कुणी नव्या सरकारला. मीम्स आले, आंदोलनं झाली, पत्रकार परिषदा झाल्या.

त्या गदारोळात एक आकडा मागे पडला. गुजरात सरकारसोबत झालेल्या करारांमध्ये सुमारे १ लाख ५४ हजार कोटी रुपयांची गुंतवणूक जाहीर झाली होती. त्यातले ९४,५०० कोटी रुपये डिस्प्ले म्हणजेच स्क्रीनच्या कारखान्यासाठी होते. चिपच्या वाट्याला सुमारे ६० हजार कोटी होते. म्हणजे ज्याला आपण सगळे 'चिपचा प्रकल्प' म्हणत होतो, त्यातला मोठा हिस्सा स्क्रीनचा होता.

जुलै २०२३ मध्ये फॉक्सकॉन या भागीदारीतून बाहेर पडली आणि ठरलेल्या स्वरूपात तो प्रकल्प उभा राहिला नाही. पण प्रश्न शिल्लक राहिला. एका स्क्रीनच्या कारखान्याला इतके पैसे का लागतात? काचेच्या आत नेमकं असतं काय? आणि ते बनवणं इतकं अवघड का आहे?

याचं उत्तर रेणूंच्या एका विचित्र शिस्तीत आहे. ती समजून घेऊया.

घन आणि द्रव यांच्या मधलं काहीतरी

शाळेत आपण पदार्थाच्या तीन अवस्था शिकलो. घन, द्रव, वायू. बर्फ तापवला की पाणी, पाणी तापवलं की वाफ. पण १८८८ मध्ये प्रागमध्ये काम करणारे वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रीडरिश रायनित्झर यांना एक असा पदार्थ सापडला जो या साच्यात बसत नव्हता. त्याचं नाव कोलेस्टेरिल बेंझोएट.

हा पदार्थ १४५.५ अंश सेल्सियसला वितळला, पण वितळून तयार झालेला द्रव गढूळ होता. आणखी तापवल्यावर १७८.५ अंशांना तो अचानक स्वच्छ, पारदर्शक झाला. म्हणजे एकाच पदार्थाला दोन 'वितळणबिंदू'. रायनित्झर यांनी हे जर्मन भौतिकशास्त्रज्ञ ओटो लेमान यांना कळवलं. लेमान यांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तेव्हा तो गढूळ द्रव वाहत होता, पण प्रकाशाशी वागत होता स्फटिकासारखा. त्यावरून नाव पडलं लिक्विड क्रिस्टल, म्हणजेच द्रव स्फटिक. एलसीडीमधले 'एल' आणि 'सी' हेच.

पुढे १९२२ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ जॉर्ज फ्रीडेल यांनी द्रव स्फटिकांचे प्रकार वेगळे केले. धाग्यासारख्या रेषा दिसणाऱ्या प्रकाराला त्यांनी 'नेमॅटिक' म्हटलं, ग्रीकमधल्या धाग्याच्या शब्दावरून. दुसऱ्याला 'स्मेक्टिक' म्हटलं, ग्रीकमधल्या साबणाच्या शब्दावरून. कारण साबणाचीही रचना अशीच थराथरांची असते. साबणदाणीच्या तळाशी साचणारा तो बुळबुळीत लगदा आठवा. तोसुद्धा थरांचा द्रव स्फटिकच आहे.

वारीच्या उदाहरणातून समजून घ्या

द्रव स्फटिकातले रेणू बहुतेक वेळा लांबट काडीसारखे असतात. त्यांच्या जागी माणसं आहेत अशी कल्पना करा.

साधा द्रव म्हणजे गर्दीच्या वेळचं दादर स्टेशन. कोण कुठे उभा, कुणाचं तोंड कुठे, याला काही नियम नाही.

नेमॅटिक म्हणजे रस्त्यावरून चाललेला वारीचा मोकळा लोंढा. सगळे रस्त्याच्या रेषेतच उभे आहेत, पण कोण पुढे, कोण मागे, हे ठरलेलं नाही. दिशेला शिस्त आहे, जागेला नाही. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा, पुढे ती कामाला येईल. साध्या नेमॅटिकमध्ये अर्ध्यांचं तोंड पंढरपूरकडे असतं आणि अर्ध्यांचं आळंदीकडे. रेषा एकच, पण तोंडं दोन्हीकडे.

स्मेक्टिक म्हणजे ओळी धरून चालणारी दिंडी. आता ओळीमागे ओळ आहे आणि दोन ओळींमधलं अंतर ठरलेलं आहे. पण ओळीच्या आत कुणी डावीकडे सरकलं, कुणी उजवीकडे, तर चालतं. म्हणजे थराच्या आत द्रव आणि थरांच्या दिशेने स्फटिक. या थरांची जाडी साधारण रेणूच्या लांबीइतकी, काही नॅनोमीटर असते. एक नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग.

घन स्फटिक म्हणजे शाळेच्या मैदानावरची कवायत. प्रत्येकाची जागा खडूने आखलेली.

स्मेक्टिकमध्येही उपप्रकार आहेत. रेणू थराला काटकोनात सरळ उभे असतील तर 'स्मेक्टिक ए'. सगळे एकाच बाजूला कलले असतील तर 'स्मेक्टिक सी'. हा फरक किरकोळ वाटतो, पण एका अख्ख्या तंत्रज्ञानाचं भवितव्य त्यावर ठरलं. ते पुढे पाहू.

नागपूरच्या उन्हात काय होईल?

प्रयोगशाळांमध्ये सर्वाधिक अभ्यासल्या गेलेल्या पदार्थांपैकी एक म्हणजे ८सीबी. तो थंडीतून हळूहळू तापवत नेला तर साधारण २१.५ अंशांपर्यंत घन असतो. त्यापुढे ३३.५ अंशांपर्यंत स्मेक्टिक ए. मग ४०.५ अंशांपर्यंत नेमॅटिक आणि त्यानंतर साधा द्रव.

म्हणजे ८सीबीची बाटली पुण्यात हिवाळ्याच्या रात्री घट्ट गोठलेली असेल आणि नागपुरात मे महिन्याच्या दुपारी पाण्यासारखा पारदर्शक द्रव असेल. मधल्या वीस अंशांत रेणूंची शिस्त तीनदा बदलते.

गंमत म्हणजे याच घराण्यातला ५सीबी कधीच स्मेक्टिक होत नाही. दोघांत फरक फक्त शेपटीचा. ५सीबीच्या रेणूला पाच कार्बन अणूंची शेपटी असते, ८सीबीला आठ. शेपटी लांब झाली की रेणूंचे कडक भाग एकीकडे आणि लवचिक शेपट्या दुसरीकडे जमायला लागतात आणि त्यातून थर तयार होतात. १०सीबीमध्ये तर हा कल इतका वाढतो की तो साध्या द्रवातून थेट स्मेक्टिक होतो, नेमॅटिकचा टप्पाच गाळतो. अमेरिकी शास्त्रज्ञ विल्यम मॅकमिलन यांनी १९७१ मध्ये याचं गणित मांडलं.

पन्नास वर्षांचा एक वाद

बर्फ वितळताना एक गोष्ट घडते. तापमान शून्यावर थांबतं आणि प्रत्येक ग्रॅम बर्फ सुमारे ३३४ जूल उष्णता गिळतो. तेवढी उष्णता दिल्याशिवाय पाणी होत नाही. अशा अवस्थांतराला 'पहिल्या प्रकारचं' म्हणतात. उडी मारल्यासारखं.

नेमॅटिकचं स्मेक्टिक होताना अशी उडी असते का? अनेक पदार्थांमध्ये ही उष्णता इतकी कमी निघाली की मोजताच आली नाही. शिस्त उडी न मारता हळूहळू येते, असं दिसत होतं.

१९७२ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ पिएर-जिल द जेन यांनी दाखवलं की थर तयार होण्याचं गणित आणि धातू अतिवाहक होण्याचं गणित जवळपास सारखं आहे. अतिवाहक म्हणजे ज्यातून वीज अजिबात विरोध न होता वाहते असा पदार्थ. साबणाच्या लगद्याचं नातं थेट एमआरआय यंत्रातल्या चुंबकाच्या तारेशी जुळलं. अशाच कामासाठी द जेन यांना १९९१ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

पण १९७४ मध्ये बर्ट्रंड हॅल्परिन, टॉम लुबेन्स्की आणि शांग-केंग मा यांनी वेगळं भाकीत केलं. त्यांच्या मते उडी असलीच पाहिजे, फक्त अतिशय लहान. पुढच्या काही अचूक मोजमापांनी त्यांच्या बाजूने पुरावे दिले, पण हा वाद पूर्णपणे मिटलेला नाही.

स्मेक्टिकची आणखी एक खोड आहे. त्याचे थर कधीच पूर्ण सरळ राहत नाहीत. उष्णतेने ते सतत हलत असतात. लांबलचक दिंडीत पहिल्या ओळीपासून हजाराव्या ओळीचं अंतर अचूक सांगता येत नाही तसंच हे. ओळी जितक्या जास्त, तितकी अनिश्चितता हळूहळू वाढते. १९८० मध्ये क्ष-किरणांच्या प्रयोगांनी हे सिद्ध झालं. म्हणून स्मेक्टिकच्या शिस्तीला शास्त्रज्ञ 'जवळजवळ' दीर्घ पल्ल्याची शिस्त म्हणतात.

मग स्क्रीनमध्ये स्मेक्टिक का नाही?

आज घरातल्या बहुतेक टीव्ही आणि लॅपटॉपच्या एलसीडीमध्ये नेमॅटिक असतं. महागड्या मोबाईलमधलं ओलेड हे वेगळं तंत्रज्ञान आहे, त्यात ठिपके स्वतःच उजळतात.

नेमॅटिकची अडचण म्हणजे ते मंद आहे. विजेने रेणू वळवता येतात, पण वीज काढल्यावर ते आपापले सावकाश परत येतात. यात काही मिलिसेकंद जातात.

इथे कललेल्या स्मेक्टिकची एन्ट्री झाली. १९७० च्या दशकाच्या मध्यात रॉबर्ट मेयर यांनी दाखवलं की रेणू विशिष्ट घडणीचे, म्हणजे डाव्या-उजव्या हातासारखे असतील, तर स्मेक्टिक सीच्या थरांत आपोआप विद्युत ध्रुव तयार होतात. १९८० मध्ये नोएल क्लार्क आणि स्वेन लागरवाल यांनी त्याचा अगदी पातळ थर दोन काचांमध्ये बसवला. विजेची दिशा उलटली की रेणू उलट बाजूला कलतात. वेग मायक्रोसेकंदांत, म्हणजे नेमॅटिकच्या शेकडो पट. शिवाय वीज काढली तरी चित्र तसंच राहतं.

मग हे टीव्हीत का आलं नाही? कारण खोट अवस्थांतरातच होती.

कपाटात पुस्तकं उभी लावली आहेत आणि कप्पा गच्च भरला आहे, असं समजा. स्मेक्टिकचे थर दोन काचांमध्ये असेच उभे असतात. कारखान्यात पदार्थ आधी गरम असतो, थंड होताना स्मेक्टिक एचा स्मेक्टिक सी होतो. रेणू कलले की थराची जाडी कमी होते. म्हणजे प्रत्येक पुस्तक पातळ झालं, पण पुस्तकांची संख्या आणि कप्प्याची रुंदी तीच. रिकामी जागा भरण्यासाठी पुस्तकं तिरकी होतात. वरची आणि खालची काच थरांची टोकं धरून ठेवते, त्यामुळे थर मधोमध मोडतात. १९८७ मध्ये क्ष-किरणांनी ही मोडलेली रचना दाखवली. अशा स्क्रीनवर नागमोडी रेषा दिसतात.

दुसरी अडचण धक्क्याची. एलसीडीवर बोट दाबलं की डाग उमटतो आणि क्षणात जातो, कारण नेमॅटिक वाहून पूर्ववत होतं. स्मेक्टिकचे थर मोडले की मोडलेलेच राहतात.

जपानच्या कॅननने १९९० च्या दशकात असा १५ इंची मॉनिटर बनवूनही पाहिला. पण बाजार नेमॅटिकने जिंकला. वेगवान स्मेक्टिक उरलं ते कॅमेऱ्याच्या व्ह्यूफाइंडरसारख्या छोट्या पडद्यांपुरतं. बाजारात कमी शिस्तीचा, पण सोशिक पदार्थ टिकला.

भारताचा संबंध कुठे येतो?

या गोष्टीत नागपूर दोनदा येतं.

पहिल्यांदा १९५१ मध्ये. त्या वर्षी नागपूर विद्यापीठातून एका विद्यार्थ्याने भौतिकशास्त्रात एमएस्सी केलं. नाव शिवरामकृष्ण चंद्रशेखर. ते सर सी. व्ही. रामन यांचे भाचे. पुढे बेंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत त्यांनी द्रव स्फटिकांची प्रयोगशाळा उभी केली. १९७७ मध्ये चंद्रशेखर, बी. के. सदाशिव आणि के. ए. सुरेश यांनी 'प्रमाण' या भारतीय नियतकालिकात एक शोध प्रसिद्ध केला. तोपर्यंत द्रव स्फटिक काडीसारख्या रेणूंचेच असतात असं मानलं जायचं. त्यांनी दाखवलं की थाळीसारखे चपटे रेणूही एकावर एक रचून द्रव स्फटिक बनवतात. जगभरात 'डिस्कॉटिक' म्हणून ओळखला जाणारा हा नवा वर्ग बेंगळुरूत सापडला.

त्याचं उत्पादन कुणी केलं? जपानच्या फुजीफिल्मने. जुन्या एलसीडीकडे बाजूने पाहिलं की रंग उलटे दिसायचे, आठवतं? ते कमी करणारी पातळ फिल्म फुजीने १९९० च्या दशकात डिस्कॉटिक रेणूंपासून बनवली. शोध भारतात लागला, उत्पादन जपानमध्ये झालं आणि आपण ते मॉनिटरसकट आयात केलं.

दुसऱ्यांदा नागपूर येतं २०१६ मध्ये. वेदांताच्याच उद्योगसमूहातल्या ट्विनस्टारने नागपूरजवळ बुटीबोरीला एलसीडी पॅनेलचा कारखाना उभारण्याची घोषणा केली. महाराष्ट्र सरकारशी करारही झाला. तो कारखाना झाला नाही. तळेगावचा वाद त्यानंतर सहा वर्षांनी पेटला, तेव्हा बुटीबोरी फारशी कुणाला आठवली नाही.

डिसेंबर २०२१ मध्ये केंद्राने ७६ हजार कोटी रुपयांची सेमीकंडक्टर आणि डिस्प्ले योजना जाहीर केली. डिस्प्लेसाठी वेदांता आणि राजेश एक्सपोर्ट्सच्या एलेस्टने अर्ज केले. पण पहिल्या मंजुऱ्या मिळाल्या त्या चिप आणि चिप-पॅकेजिंगच्या प्रकल्पांना.

सध्या आपल्याकडे टीव्ही जोडले जातात, पण टीव्हीचा गाभा असलेली 'ओपन सेल', म्हणजे दोन काचा आणि मधलं द्रव स्फटिक, मुख्यतः बाहेरून येते. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात ओपन सेलच्या सुट्या भागांवरची कस्टम ड्युटी शून्य करण्यात आली, ती इथे ओपन सेल बनावी म्हणून. पण करसवलतीने द्रव स्फटिक तयार होत नाही.

आता घाई करावी की थांबावं?

जगात या उद्योगाचं चित्र झपाट्याने बदलतंय. सॅमसंग डिस्प्ले २०२२ मध्ये एलसीडीतून बाहेर पडली. शार्पने जपानमधल्या साकाईच्या कारखान्यात टीव्हीची मोठी पॅनेल बनवणं २०२४ मध्ये थांबवलं. एलजी डिस्प्लेने चीनमधला आपला एलसीडी कारखाना चिनी टीसीएलच्या कंपनीला विकला. या धंद्यावर आता चीनची पकड आहे. जिथून जपान आणि कोरिया बाहेर पडले, तिथे एक लाख कोटींच्या घरातला खर्च करून उतरायचं का, हा रास्त प्रश्न आहे.

उतरावं म्हणणाऱ्यांचाही मुद्दा आहे. सगळी पॅनेल एकाच देशातून येत असतील आणि उद्या पुरवठा थांबला, तर टीव्हीपासून रुग्णालयातल्या मॉनिटरपर्यंत सगळं अडेल.

पण या चर्चेत साधारणपणे दोनच गोष्टी असतात, पैसे आणि जागा. तिसरी गोष्ट म्हणजे पदार्थ. जर्मनीच्या मर्कच्या यादीत द्रव स्फटिक १९०४ पासून आहेत. एलसीडीतलं मिश्रण बनवण्यात दशकानुदशकं जर्मन आणि जपानी कंपन्या पुढे राहिल्या.

आणि या क्षेत्रात आत्ता पुन्हा हालचाल आहे. आधी पाहिलेला पंढरपूर-आळंदीचा मुद्दा आठवा. सगळ्यांची तोंडं खरोखरच एका दिशेला असलेला द्रव असू शकतो, ही कल्पना माक्स बोर्न यांनी १९१६ मध्ये मांडली होती. शंभर वर्षं तसा पदार्थ मिळाला नाही. २०१७ मध्ये ब्रिटनमधलं यॉर्क आणि जपान इथल्या गटांनी स्वतंत्रपणे नव्या, वेगळ्या वागणाऱ्या नेमॅटिकची नोंद केली. २०२० मध्ये अमेरिकेतल्या बोल्डरच्या गटाने, ज्यात तेच नोएल क्लार्क होते, हाच तो पदार्थ असल्याचं दाखवलं. पाठोपाठ त्याचा स्मेक्टिक भाऊही सापडला, थरांचा आणि एकाच दिशेला तोंड असलेला. थंड होताना थर फारसे आकसत नाहीत असे स्मेक्टिक पदार्थही शोधले जात आहेत. यातून उद्या स्क्रीन बनेल की सेन्सर की दुसरंच काही, हे ठरायचं आहे. म्हणजेच इथे अजून कुणाचीही मक्तेदारी नाही.

बेंगळुरूची परंपरा अजून जिवंत आहे. चंद्रशेखर यांनी १९९१ मध्ये सुरू केलेलं द्रव स्फटिक संशोधन केंद्र आज सेन्स या नावाने केंद्र सरकारची संस्था म्हणून काम करतं. अशा प्रयोगशाळांना लागणारा खर्च एका पॅनेल कारखान्याच्या तुलनेत अगदीच थोडा आहे.

पुढच्या घोषणेवेळी काय विचारायचं?

डिस्प्ले कारखान्याची पुढची घोषणा कधीतरी होईलच. प्रकल्प कोणत्या राज्यात जाणार यावरून पुन्हा वाद होईल. तो व्हायलाही हवा, कारण त्यात रोजगाराचा प्रश्न आहे. फक्त त्यासोबत आणखी तीन प्रश्न विचारायला हवेत.

एक, कारखान्यात वापरलं जाणारं द्रव स्फटिकाचं मिश्रण कुठून येणार? ते आयातच होणार असेल, तर आपलं अवलंबित्व एक पायरी मागे सरकेल, संपणार नाही.

दोन, तंत्रज्ञान कोणतं? इतरांनी सोडलेलं, की पुढच्या दहा वर्षांत चालणारं?

तीन, खर्चातला किती वाटा इथल्या विद्यापीठांतल्या आणि संस्थांतल्या पदार्थ संशोधनासाठी राखला आहे?

१९७७ मध्ये आपल्याकडे शोध होता आणि कारखाना नव्हता. आता तिसरा प्रश्न कुणी विचारलाच नाही, तर उद्या कारखाना असेल आणि त्यातला पदार्थ पुन्हा दुसऱ्याचा असेल.